येऊरचं रान आणि ऐरोलीची खाडी: ठाण्यातले तीन दिवस

ठाण्याला माझी धाकटी बहीण दिली आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली तिच्या, आणि तेवढीच वर्षं मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर बघत आले. पावसाळ्यात हिरवागार, उन्हाळ्यात करपलेला. "तो येऊरचा डोंगर, ताई," एवढंच ती सांगायची आणि आम्ही खरेदीला बाहेर पडायचो. यंदा मार्चमध्ये, होळीच्या आधीच्या आठवड्यात, खरेदी बाजूला ठेवली आणि तीन दिवस फक्त त्या डोंगरासाठी आणि त्याच्या पायथ्याच्या खाडीसाठी काढले. सोबतीला भाचा होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गळ्यात कॅमेरा असतो आणि पक्ष्यांचं वेड नुकतंच लागलंय.

आम्ही नागपूरचे. जंगल म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर ताडोबा येतं. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, राज्यातलं सगळ्यांत जुनं. तिथे जिप्सीत बसायचं, खाली पाय ठेवायचा नाही, आणि संध्याकाळी एकच प्रश्न: वाघ दिसला का? येऊरला मी आयुष्यात पहिल्यांदा रानात पायी चालले.

पहिला दिवस: येऊर

साडेसहाला उपवन तलाव मागे टाकून घाट चढलो. तलावाकाठी फिरायला आलेल्यांची गर्दी, चहाच्या टपऱ्या. आणि दोन वळणं घेतली की हवा एकदम गार. एवढ्या मोठ्या शहरात दहा मिनिटांत ऋतू बदलतो, यावर विश्वास बसायला मला थोडा वेळ लागला.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की बहुतेकांना बोरिवलीचं फाटक आणि कान्हेरीची लेणी आठवतात. पण एकशेतीनेक चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा मोठा भाग ठाण्याच्या बाजूला आहे, आणि येऊर हे त्याचं या अंगाचं दार. डोंगरावर आदिवासी पाडे आहेत, वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आमच्यासोबत आलेले काका अशाच एका पाड्यावरचे. साठीच्या पुढचे, अंगाने शेलाटे, पायात साध्या चपला. निघताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: "मोबाइल गप करा. आणि मी थांबलो की थांबायचं, का ते विचारायचं नाही."

रान या दिवसांत उघडं पडलेलं असतं. सागाची पानं गळून वाटेवर पापडासारखी वाजतात. पण त्या तपकिरीत मधूनच कुसुमाचं झाड उभं असतं, नव्या लाल पालवीने पेटल्यासारखं. पळस फुलांनी भरलेला, पांगारा आणि काटेसावर बहर संपवत आलेली. एका उतारावर पांढराफटक, पान नसलेला कांडोळ दिसला. साल इतकी गुळगुळीत की हात फिरवावासा वाटतो. काकांनी माझा हात वरच्या वर थांबवला. "खोडाला लावा हवं तर. फळाला नको. बारीक लव असते, दिवसभर खाजेल." फळं अजून हिरवट-तांबडी होती, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी.

वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवीच्या वाळक्या काड्या. ही झुडपं सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात, सगळी एकदम, मग बी टाकून मरतात. त्याच काड्यांच्या भिंती विणून, वर शेणमाती लिंपून पाड्यावरची घरं उभी राहायची. "आमचं जुनं घर कारवीचंच," काका म्हणाले. "उन्हाळ्यात पंखा लागायचा नाही." आता घर सिमेंटचं आहे. पंखा आहे.

पुढे एका वळणावर ते थांबले. आम्हीही. वाटेवरच्या मऊ धुळीत एक ठसा होता, माझ्या तळहाताएवढा. मागची गादी, पुढे चार बोटं, नखांची खूण नाही. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात. मांजरकुळातले प्राणी ती आत ओढून चालतात. मी वाकून पाहिलं तर ठशाच्या कडा अगदी धारदार होत्या, त्यावरून एकही मुंगी गेल्याची रेघ नव्हती. शेजारच्या सांबराच्या खुरावर मात्र मुंग्यांनी आणि वाऱ्याने रात्रभर काम केलेलं. म्हणजे हा पहाटेचा. कदाचित आम्ही उपवनला चहा घेत होतो तेव्हाचा.

काका ठशाला वळसा घालून गेले, त्यावर पाय दिला नाही. मीही तसंच केलं.

काका बिबट्याला शेवटपर्यंत "तो" म्हणत होते. पन्नासच्या आसपास बिबटे या उद्यानात आहेत, चहूबाजूंनी कोट्यवधी माणसांची वस्ती असताना. हे कसं जमतं, याचं त्यांचं उत्तर साधं होतं. तो त्याच्या वेळेला फिरतो, आम्ही आमच्या. अंधार पडल्यावर पोरं एकटी सोडायची नाहीत, बाहेर जाताना बॅटरी घ्यायची, आपसांत मोठ्याने बोलत जायचं, घराजवळ खरकटं टाकायचं नाही. खरकटं पडलं की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. डोंगराखालच्या सोसायट्यांनी कचऱ्याचे डबे वेळेवर उचलले तरी निम्मी भीती जाईल, असं मला तेव्हापासून वाटतं.

पाड्याच्या अलीकडे झाडाखाली वाघोबा आहे. शेंदूर फासलेला, वर चंद्र-सूर्य कोरलेले. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला इथे पूजा होते. काकांनी चपला काढल्या, आम्ही काढल्या. भाच्याने कॅमेरा उचलला होता. त्यांच्याकडे बघून आपणच खाली घेतला.

आता जे सांगायचंय ते भाच्याला विचारून सांगते आहे. ओढ्याजवळच्या दाट झाडीत शामा गात होता. लांबलचक, गोड, वळणावळणाची शीळ. दिसत मात्र नव्हता. भाच्याने फोन काढला आणि ॲपवर त्याच पक्ष्याचा आवाज वाजवला. पाच-सहा सेकंदच. शामा झपकन समोरच्या फांदीवर आला, काळा-तांबूस, लांब शेपूट उडवत, इकडेतिकडे बघत. फोटो सुंदर आला असता. काकांनी फोनवर हात ठेवला.

"त्याला वाटलं दुसरा नर घरात घुसला. आता तो शोधत बसेल. खाणंपिणं सोडून. बोलावून आणलंत, आणि द्यायला तुमच्याकडे काही नाही."

रागावले नव्हते. ज्या आवाजात घरच्या मुलाला सांगतात त्या आवाजात बोलले. हा विणीच्या तयारीचा काळ. नर हद्द राखतो, आणि खोट्या शत्रूमागे घालवलेली प्रत्येक घटका त्याच्या घरट्याच्या हिशेबातून वजा होते. भाच्याने फोन पिशवीत टाकला तो जेवणापर्यंत काढला नाही. आम्ही तिथेच दगडावर बसून राहिलो. वीस मिनिटांनी शामा पुन्हा गायला लागला, पलीकडच्या बाजूला. मग वर कुठेतरी वानराने खॉक्‌ खॉक्‌ केलं आणि सगळं रान दोन क्षण गप्प झालं. बिबट्या दिसला नाही. मला त्याची जराही चुटपुट लागली नाही.

परतताना ओढ्याच्या ओलसर कडेला नीलवंत फुलपाखरू बसलं होतं, मखमली काळं, मागच्या पंखांवर निळी झाक. २०१५ साली हे आपलं राज्य फुलपाखरू झालं. असा मान देणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. त्याच्यापासून दोन हातांवर चिप्सचं रिकामं पाकीट पडलेलं होतं. ते आम्ही उचललं.

जाणाऱ्यांसाठी: पहाटे पोहोचा, नऊनंतर पक्षीही गप्प आणि ऊनही कडक. आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका, फाटकावर आधी चौकशी करा. माणशी दोन लिटर पाणी, मातकट रंगाचे कपडे, बंद बूट. अत्तर-डिओ लावू नका. माकडांना काही खायला देऊ नका. हातातलं ओढून घेण्याची सवय त्यांना आपणच लावतो आणि मग बदनामी त्यांची होते. मार्च ते मे वणव्याचे महिने. वाटेत मध्येच गवत साफ केलेले लांब पट्टे दिसतील, त्या जाळरेषा. आग पसरू नये म्हणून वनमजूर उन्हातान्हात त्या काढतात. एका विझवायची राहिलेल्या विडी-सिगारेटने त्यांची महिन्याची मेहनत आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं जातात.

दुपारचं जेवण पाड्यावर, काकांच्या घरी. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, आणि कच्च्या करवंदांचं ताजं लोणचं. काकूंनी करवंदं सकाळीच ठेचली होती. माझी बहीण बावीस वर्षं इथून पाच किलोमीटरवर राहते, तिने ते लोणचं कधी खाल्लं नव्हतं. बाटली भरून दिली त्यांनी तिच्यासाठी.

एक गोष्ट मनाला लागली ती इथेच लिहिते. काकू म्हणाल्या, शनिवार-रविवारी रात्री डोंगरावरच्या बंगल्यांतून गाणी सुरू होतात ती उशिरापर्यंत, खेळाच्या मैदानांवर दिव्यांचा झगझगाट असतो. "पोरांची परीक्षा आहे," त्या म्हणाल्या, "आणि त्या रात्री घुबड बोलत नाही." उद्यानाभोवतीचं पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र २०१६ सालीच जाहीर झालंय. ज्यांना रानात येऊन गाणी वाजवायची आहेत त्यांना अख्खं शहर मोकळं आहे. घुबडाला हा एकच डोंगर आहे.

दुसरा दिवस: घोडबंदर

या दिवसाबद्दल थोडक्यात. घोडबंदर रस्त्यावर दोन तास अडकलो, आणि अकराच्या उन्हात किल्ल्यावर पोहोचलो. शहाण्याने सातच्या आत पोहोचावं.

किल्ला पोर्तुगीजांचा, वसईच्या खाडीवर नजर ठेवायला बांधलेला. १७३७ साली चिमाजीआप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. त्याच मोहिमेत ठाण्याचा किल्लाही घेतला, ज्यात आज कारागृह आहे. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं जिंकलं. इतिहास मी शाळेत पाठ केला होता, पण बुरुजावर उभं राहिल्यावर भूगोल कळला. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. म्हणजे काल आम्ही चाललो तो डोंगर मुंबईची उपनगरं आणि ठाणं ज्यावर वसलंय त्या साष्टी बेटाच्या मधोमध उभा आहे, पाण्याने वेढलेला. या बेटासाठी एवढ्या लढाया का झाल्या ते तिथे सांगावं लागत नाही.

खाडीपलीकडे दिसतो तो हिरवा पट्टा नागला, हाही याच उद्यानाचा तुकडा, आणि त्याच्या पाठीला तुंगारेश्वर अभयारण्य. जनावरांना इकडून तिकडे जायचं तर मध्ये खाडी, महामार्ग, इमारती. सकाळी ज्या कोंडीत आम्ही दोन तास वैतागलो, त्याच रस्त्याची दुसरी बाजू मला बुरुजावरून दिसली. आम्हाला उशीर झाला, एवढंच. बिबट्याला हा रस्ता रात्री, दिव्यांच्या उजेडात पार करायचा असतो.

किल्ल्याच्या भिंतीवर नावं कोरलेली आहेत, बदामासकट. तीनशे वर्षं टिकलेला दगड आहे हो तो. हात का धजावतो?

संध्याकाळी तलावपाळी. कोपिनेश्वराचं दर्शन, मग मासुंदा तलावाकाठी बसणं. ठाणं ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी, तेव्हाचं श्रीस्थानक. आणि मामलेदार कचेरीजवळची मिसळ. सावजी खाणाऱ्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी आणते ती. दुसरी प्लेट घेतली.

तिसरा दिवस: ऐरोली, ठाण्याची खाडी

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ते बघायला जायचं तर घड्याळ नको, भरती-ओहोटीचं वेळापत्रक हवं. पूर्ण ओहोटीला बोट चालत नाही, पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी निघून जातात. मधली वेळ साधावी लागते. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, आधी नोंदणी करून वेळ विचारून घ्या. आम्हाला साडेसातची मिळाली. टोपी आणि दुर्बीण विसरू नका. खाडीत सावली नसते.

बोटीत बसण्याआधी कांदळवनातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांच्या रानातल्या, लाकडी वाटेवरून चाललो. कांदळ या झाडावरून कांदळवन म्हणतो आपण, पण या खाडीत झाडं मुख्यतः तिवराची. चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो टोकं वर आलेली असतात, ती त्याची श्वसनमुळं. गाळात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. बोट चालवणाऱ्या कोळी दादांनी एक पान, न तोडता, नुसतं वाकवून दाखवलं. त्यावर बारीक पांढरे कण चमकत होते. "जीभ लावा." लावली. मीठ! मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. पन्नाशी उलटल्यावर झाडाच्या पानाला जीभ लावून मीठ चाखायला मिळालं, एवढ्यावरच माझी सहल वसूल झाली असती. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, पाण्याबाहेर बिनधास्त फिरणारा मासा. दादा म्हणाले, यांचं कालवण आईच्या हातचं खावं.

आणि त्याच मुळांवर प्लास्टिक. भरतीची रेषा जिथपर्यंत येते तिथपर्यंत, तोरण बांधावं तशा पिशव्या लोंबत होत्या. अगदी जवळच्या मुळांना एक निळी पिशवी गच्च गुंडाळली होती. आत सुकलेला झेंडू, बेलाची पानं, अर्धी जळलेली अगरबत्ती. निर्माल्य. श्रद्धेने कुणीतरी पुलावरून सोडलेलं. आत वीसेक श्वसनमुळं काळी पडलेली होती. मी काही बोलले नाही, कारण अशी पिशवी मी स्वतः नदीत सोडली आहे. एकदा नाही, कित्येकदा. सासूबाई देत, मी सोडून येई. भाच्याने वाकून ती पिशवी सोडवली.

बोट निघाली. सव्वीसेक किलोमीटर लांबीची ही खाडी. २०१५ मध्ये तिचा सुमारे सतराशे हेक्टरचा भाग रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन, उरलेलं पाणी. हवेत धुरकं होतं, पाण्याला ओल्या गाळाचा वास, एका बाजूला उंच इमारती, विजेचे मनोरे. आधी शेकाटे दिसले, लाल काड्यांच्या पायांवर. मग दूरवर एक गुलाबी रेघ. मला वाटलं, उन्हाने पाणी चमकतंय. रेघ जाड होत गेली आणि तिला माना फुटल्या.

दादांनी बराच अलीकडे इंजिन बंद केलं. मग आवाज आला, बाजाराच्या दिवशी लांबून गावातून येतो तसा, हजारो गळ्यांचा दबका कलकलाट. बहुतेक लहान रोहित, गडद लालसर चोचीचे. मध्ये मोठे रोहित, उंच, फिकट, गुलाबी चोचीच्या टोकाला काळे. राखी रंगाची यंदा-गेल्या वर्षीची पोरं कडेला. चोच उलटी करून पाण्यात, आणि पाय एकाच जागी नाचवत गाळ ढवळायचा, स्वतःभोवती गोल फिरत. ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर त्यांनी काढलेली वर्तुळं राहिली होती, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. हा रंग त्यांच्या अन्नातून येतो. शेवाळातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लू जन्मतः गुलाबी नसतं.

बोटीतल्या एका कुटुंबातल्या गृहस्थांनी विनंती केली: जरा जवळ घ्या, टाळी वाजवू का, उडतील, मुलीला व्हिडिओ हवाय. दादांनी मान हलवली. "साहेब, ते पोट भरायला आलेत. पाणी चढायला लागलंय, तासभर उरलाय त्यांचा. उठवलं की दहा मिनिटं जातात, ताकद जाते ती वेगळी. याच ताकदीवर पुढे लांबचा पल्ला गाठायचाय त्यांना." कच्छच्या रणात वीण करणारे हे पक्षी नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि पावसाच्या आधी परततात. गृहस्थ मुकाट बसले. मुलगी सात-आठ वर्षांची असेल. दुर्बीण तिच्याकडे दिली तर अर्धा तास डोळ्यावरून काढली नाही.

मग पाणी खरंच चढलं. चिखलाची रुंदी डोळ्यांदेखत कमी झाली. पक्षी दाटीवाटीने मागे सरकत गेले, माना वर झाल्या, कलकलाट वाढला. भरतीत त्यांना उभं राहायला उथळ जागा लागते, ती त्यांना नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींत मिळते. त्या बुजल्या तर ही खाडी असूनही पक्ष्याला दिवसातले कित्येक तास पाय टेकायला जागा उरणार नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत एकोणचाळीस रोहित मेले, तेव्हापासून दादा रोज आकाशाकडे बघतात.

"आता," ते म्हणाले.

पहिली रांग पाण्यावर धावली, चार-सहा पावलं, आणि उचलली. मग दुसरी. उभे असताना फिके वाटणारे पक्षी पंख उघडताच लालभडक झाले, काळ्या किनारीचे. कुणी टाळी वाजवली नव्हती. थवा आमच्या डोक्यावरून वळला, इतका खाली की पंखांचा फडफडाट अंगाला जाणवला, आणि वाशीच्या पुलाच्या दिशेने, दक्षिणेकडे गेला. मुलगी एक, दोन, तीन करत मोजत होती. शंभरच्या पुढे तिचे आकडे चुकायला लागले, तरी मोजत राहिली. शेवटचे चार पक्षी मागे पडले होते. ते पुढे जाईपर्यंत दादांनी इंजिन सुरू केलं नाही.